आई बसून जेवली

फोन वाजला तेव्हा तिच्या दातांत विणायची एक सुई होती, टाके चढवलेली दुसरी सुई काखेत होती, आणि उजव्या हातातल्या उलथन्यानं ती भोपळ्याच्या फोडी परतत होती. सकाळचे दहा वाजत होते. टेबलावर फार्मसीच्या प्रात्यक्षिकांचं जर्नल उघडं पडलं होतं. एकवीस प्रयोग लिहून झाले होते, तीन राहिले होते. ते लिहून, सरांची सही घेऊन चार वाजायच्या आत जर्नल जमा केलं नाही, तर परीक्षेला बसू देणार नव्हते. तरी तिला घाई वाटत नव्हती. मसूर घालून सूप शिजायला चाळीस मिनिटं, तेवढ्यात स्वेटरच्या बाहीच्या सहा ओळी, मग सूप उतरवायचं आणि एका बैठकीत तिन्ही प्रयोग. गेले सात महिने तिचे दिवस असेच एकमेकांत अडकून चालत होते, आणि असं अडकून चालण्यात तिला कुठं काही काचत नव्हतं. उलट, सकाळी डोळे उघडले की पोटात एक लहानशी गुदगुली व्हायची: आज काय काय करायचंय! खाली धोबीखान्यात इस्त्र्या सुरू झाल्या होत्या. ओल्या कापडाचा गरम वास खिडकीतून येऊन कांद्याच्या वासात मिसळत होता. तिनं उलथनं ठेवलं, फोन खांद्यावर धरून कान त्यावर टेकवला आणि सुईच्या आडून "हं" म्हटलं.

"अगं, मी तुझ्या वसतिगृहाच्या फाटकाशी उभी आहे," आई म्हणाली. "हा रखवालदार म्हणतोय, अशी कुणी मुलगी इथं राहतच नाही. जरा बोल बरं याच्याशी. मला वेड्यात काढतोय."

दातांतली सुई निसटली आणि फरशीवर टणटणत शेगडीखाली गेली. "आई," ती म्हणाली, "तू कशी काय आलीस?"

"बसनं आले, कशी येणार? कारखान्याचा बॉयलर बंद पडलाय. सगळ्यांना सुट्टी. कॅन्टीन पण बंद. म्हटलं, बसून काय करू, बघून यावं तुला. बोलतेस ना याच्याशी?"

"त्याच्याशी नको बोलायला. त्याचं बरोबर आहे. मी तिथं राहत नाही."

फोनमध्ये रस्ता ऐकू येत होता. एक सायकलची घंटी, कुणाचं तरी खाकरणं. आई फाटकाशी उभी असलेली तिला लख्ख दिसली: बुटकी, रुंद, ठेवणीतला निळा कोट, गळ्याशी शेवटचं बटण लावलेलं. नोकरीच्या बावीस वर्षांत आईला अवचित मिळालेली ही बहुधा पहिलीच सुट्टी, आणि ती सुट्टी एका परक्या माणसासमोर खोटी पडून उभी होती. "मग कुठं राहतेस?" आईनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

तिनं पत्ता सांगितला. घ्यायला येते म्हणाली. "काही नको," आई म्हणाली, "विचारत विचारत येईन. तोंड आहे मला." आणि फोन बंद झाला.

समोरच्या खाटेवर पांघरुणात बसून वाचणाऱ्या मैत्रिणीनं पुस्तकावरून नुसते डोळे वर केले. ही कायदा शिकत होती, म्हणून सगळे तिला वकील म्हणत. आडनावानं हाक मारली तर तिला स्वतःलाच चटकन कळत नसे. "कोण?" वकिलीणबाईंनी विचारलं. "आई. येतेय. अर्ध्या तासात." वकील ताडकन उठून बसली. सात महिने ती या खटल्यात सामील होती. दर रविवारी फोनवर "मेसला काय होतं गं?" असं आईनं विचारलं की जेवणाचा बेत वकीलच खुणा करून पुरवायची. भात, पालेभाजी, एक उकडलेलं अंडं. खरं वाटावं म्हणून एकदा तिनं भात कच्चा होता अशी तक्रारसुद्धा घालायला लावली होती. त्यावर आई पंधरा मिनिटं बोलली. मोठ्या प्रमाणावर शिजवलं की पाण्याचा अंदाज चुकतोच, त्या आचाऱ्याला सांग, झाकण लवकर काढत जाऊ नको. मुलगी त्या अस्तित्वातच नसलेल्या आचाऱ्यापर्यंत निरोप पोचवायचं कबूल करून बसली होती.

"पुरावा नष्ट कर," वकील म्हणाली आणि स्वतःच कामाला लागली. कढई, दोन पातेली आणि किसणी खाटेखाली गेली. मसाल्याच्या बाटल्या पुस्तकांच्या मागं गेल्या. मोजलेला मसूर आणि पाणी भोपळ्यात ओतून रिकामा वाडगा कपड्यांच्या कपाटात. लोकरीचे गुंडे आणि अर्धवट बाही उशीच्या अभ्र्यात. तीही यंत्रासारखी हात चालवत होती, पण मन भलतीकडेच गेलं होतं. ते गेलं होतं आई स्वयंपाक करायची त्या कॅन्टीनच्या मागच्या दारी, जिथं शाळा सुटल्यावर ती रोज जायची. बाटल्यांचा कारखाना, तीनशे दहा ताटं दुपारी, दीडशे संध्याकाळी. वाफेनं पांढऱ्या झालेल्या काचा, आणि आतून आईचा आवाज, नुसता आवाज, कारण आई कधी दिसेल इतका वेळ एका जागी नसायचीच. मागच्या दारी एक उलटी पेटी असे, तिच्यावर बसून तिनं अभ्यास करायचा. अकरा वर्षांची असताना एकदा पेटीशेजारच्या बटाट्यांच्या टोपलीतला एक बटाटा तिनं उचलला आणि तिथलीच सुरी घेऊन सोलायला घेतला. साल न तुटता एका लांब फितीत उतरत होती. ती फीत गुडघ्यापर्यंत लोंबत आली होती, आणि ती कुणाला दाखवावी या आनंदात तिनं मान वर केली तर समोर आई. आईनं तिच्या हातावर फटकन मारलं. सगळ्या आयुष्यात तेवढीच एकदा. "हा हात वहीला लागू दे," आई म्हणाली होती. "इकडं नाही. कधीच नाही." मग तिनंच तो हात आपल्या हातात धरून कितीतरी वेळ चोळला होता. आईची बोटं त्या वेळी मऊ नव्हती, गरम होती, इतकंच आठवत होतं. आणि तिला शिकायला पाठवताना आईची एकच अट होती: वसतिगृहातच राहायचं, जिथं मेस आहे, जिथं शेगडी ठेवायला बंदी आहे. लोक खोलीचा उजेड बघतात, पाणी बघतात. आईनं ती एकच गोष्ट दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.

"हे उचल," वकील म्हणाली. खिडकीशी खुर्चीवर स्वेटरची पाठ पसरलेली होती, मोहरीच्या रंगाची, विणून झालेली. तिनं ती उचलली. उन्हात असल्यामुळं लोकर कोमट झाली होती, एखाद्या झोपलेल्या प्राण्यासारखी. गादीखाली सरकवायची म्हणून ती वाकली, गादी एका हातानं वर धरली, आणि तशीच थांबली. ही पाठ तिनं दोनदा उसवली होती. पहिल्यांदा बत्तिसाव्या ओळीला एक टाका सुटलेला लक्षात आला म्हणून, दुसऱ्यांदा नुसती आवडली नाही म्हणून. दुसऱ्यांदा उसवताना तिला कळलं होतं की आपल्याला हे पुन्हा करायला मिळणार म्हणून आपण खूश आहोत. असं कुठल्या पानाबद्दल, कुठल्या धड्याबद्दल तिला आजवर वाटलं नव्हतं. निदान तोवर नव्हतं. नंतर वाटायला लागलं. ही कोमट पाठ गादीखाली चेपायची म्हणजे तो नंतरचा सगळा काळ चेपायचा. तिनं गादी सोडली. पाठ पुन्हा खुर्चीवर ठेवली, नीट हात फिरवून सारखी केली.

"राहू दे," ती म्हणाली.

"म्हणजे गुन्हा कबूल?" वकिलानं विचारलं.

"कबूल."

"मग निदान खाटेखालचं..."

जिन्यात पावलं वाजली. तिसरा मजला म्हणून लोक शेवटच्या वळणावर थांबतात, ही पावलं थांबली नाहीत. दार उघडंच होतं. आई दारात आली. कपाळावर घाम, कोटाचं वरचं बटण अजून लावलेलंच. तिनं खोलीकडं पाहिलं नाही, मुलीकडं पाहिलं नाही. नाक किंचित वर केलं आणि म्हणाली, "तळाला लागतंय."

ती शेगडीकडं धावली. खरंच लागत होतं. मसूर ओतल्यापासून सुपाकडं कुणी बघितलंच नव्हतं. आच कमी करून, पाणी घालून, तळ न खरवडता वरचं वर ती हलवत राहिली. पाठीवर आईची नजर जाणवत होती. ती मागं वळली तेव्हा आई शेगडीपासून दोन हातांवर उभी होती, आणि तिनं आपले दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले होते. लहान मुलं दुकानातल्या काचेच्या वस्तूंसमोर उभी राहतात, तशी. त्या हातांना आपसूक उलथन्याकडं जायची सवय होती आणि आज ते आवरून धरले होते.

"किती दिवस झाले?" आईनं विचारलं.

"सात महिने."

"म्हणजे मेसचा तो कच्चा भात..."

"खोटा होता."

"मी दर रविवारी त्या आचाऱ्याला शिव्या घालत होते," आई म्हणाली. "बिचारा."

वकिलाला हसू आलं. ते तिनं खोकल्यात बुडवलं आणि पुढं झाली. "काकू, मी दोन मिनिटं बोलू का?"

"तू कोण?"

"मी हिच्याबरोबर राहते. कायदा शिकते."

"मग आधी ती कढई काढ खाटेखालनं. दांडा दिसतोय."

वकील वाकली. कढई, पातेली आणि किसणी एकेक करून बाहेर आली. प्रत्येक भांडं खाली ठेवताना आवाज होत होता, आणि त्या प्रत्येक आवाजाला आई नुसती मान हलवत होती. मग ती खुर्चीवर बसायला गेली, खुर्चीवर स्वेटरची पाठ बघून थबकली, आणि खाटेच्या कडेवर बसली. बसल्यावर ती एकदम लहान झाली. "तुला एकच गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली. "एकच. दहा सांगितल्या असत्या तर एखादी मोडलीस म्हणून समजले असते."

आता रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. आलं ते एक विचित्र हलकेपण. इतके दिवस रविवार जवळ आला की तिच्या मानेशी काहीतरी आवळत जायचं. ते या क्षणी, आई समोर रागावून बसलेली असताना, सुटत होतं. "आई," ती म्हणाली, "मी पहिल्या सहामाहीत नापास झाले होते. एका विषयात. तेही तुला सांगितलं नाही."

आणि मग तिनं सगळं सांगितलं, उलथनं हातात धरूनच. वसतिगृहातली ती खोली, भिंतीला लावलेलं टेबल, दिवसाचे नऊ-नऊ तास. कुणी कसलंही काम सांगत नव्हतं. ताट आयतं येत होतं, आयतं जात होतं. आईला हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. ती पान उघडायची, आणि तासाभरानं तेच पान उघडं असायचं. हात मांडीवर पडलेले, ते कुणा दुसऱ्याचे असावेत असं वाटायचं. वेळ एवढा होता की त्याला कडा नव्हत्या. कुठून धरावा ते कळायचं नाही. निकाल लागला त्या दिवशी ती ग्रंथालयात जाऊन नुसती बसून राहिली. तिथल्या बाई, पिकल्या केसांच्या, पुस्तकं देण्याच्या खिडकीमागं बसून मोजे विणायच्या. पुस्तक मागायला कुणी आलं की सुया तशाच ठेवून पुस्तक काढून द्यायच्या, आणि परत येऊन बरोब्बर त्याच टाक्यापासून पुढं. ती दोन तास ते बघत राहिली. शेवटी बाई वर न बघताच म्हणाल्या, "बघून येत नाही हे. ये इकडं." उलटा टाका, सुलटा टाका. दुसऱ्या दिवशी हातात सुया असताना तिनं मलमांवरचा धडा समोर उघडा ठेवला, आणि तो डोक्यात गेला. सरळ गेला. का ते तिला आजही सांगता आलं नसतं. मग या खोलीत एक खाट रिकामी आहे असं कळलं, शेगडी आहे असं कळलं. पहिल्यांदा तिनं केला तो भात. साधा भात. पण पातेल्यावर झाकण थरथरू लागलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिनं वकिलाला झोपेतून उठवून ते दाखवलं.

"उठवलं होतं," वकील म्हणाली. "मी साक्षीदार आहे. आणि काकू, राहिलेल्या विषयात ही नंतर पास झाली. वर्गात तिसरी आली. प्रयोगशाळेत हिची क्रीम फुटत नाही, म्हणजे तेल-पाणी वेगळं होत नाही. बाकी सगळ्यांची फुटते. सर विचारतात, हे कसं जमलं, तर ही म्हणते, घरी पांढरा सॉस करते."

आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. कॅन्टीनमध्ये भाजीवाला भाव सांगतो तेव्हा ती असाच चेहरा करते. "नापास झालीस तेव्हा जेवलीस का त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

"हं," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मी सकाळी सहापासून काही खाल्लं नाहीये."

तिनं सूप गाळलं नाही, नुसतं घोटलं. लसणाच्या पाकळ्या ठेचून लोण्यात तांबूस होईपर्यंत तळल्या आणि चरचरतं लोणी वरून ओतलं. पाव शेगडीवर धरून शेकला. टेबलावरचं जर्नल बाजूला केलं. खुर्चीवरची पाठ उचलून खाटेवर टाकली, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "इथं बस." आई उभी राहिली आणि सवयीनं वाडगा हातात घ्यायला निघाली. उभ्यानंच. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, आईला जेवताना आपण कधी पाहिलेलंच नाही. आई ओट्याला टेकून काहीतरी तोंडात टाकते, चव बघते, पातेल्यातलं उरलेलं संपवते, पण जेवते, म्हणजे बसून, समोर काही वाढलेलं असताना, असं एकही चित्र तिच्या मनात नव्हतं. तिनं शोधलं. लहानपणापर्यंत मागं जाऊन शोधलं. नव्हतंच. "बस ना," ती पुन्हा म्हणाली, आणि आई बसली. बसल्यावर तिनं कोटाचं वरचं बटण काढलं.

पहिला चमचा आईनं तोंडात घेतला आणि जिभेवर ठेवून थांबली. ती समोर उभी राहून त्या चमच्याकडं बघत होती. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढं उभं राहावं तशी. दुसरा चमचा. तिसरा. आईनं पाव मोडला, बुडवला, आणि पावाचा तो भिजलेला तुकडा तोंडात जाताना हनुवटीवर सुपाचा एक थेंब सांडला. तो तिनं पुसला नाही. चौथ्या चमच्यानंतर तिनं विचारलं, "वरून काय घातलंस?"

"लसूण. लोण्यात तळून."

"हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सुचलं."

आईनं तो शब्द मनात घोळवल्यासारखा केला. "सुचलं," ती म्हणाली. "आमच्याकडं सुचायला वेळ नसतो गं. तीनशे दहा ताटांत काय सुचणार? सुचलं तरी कांदे संपलेले सुचतात." असं म्हणून ती स्वतःच हसली. आधी नाकातून, मग खांदे हलवून. "मला वाटायचं, स्वयंपाक म्हणजे हे असंच. पाठ मोडायची, हात भाजायचे, आणि लोक ताट तसंच टाकून उठणार. तुला यातलं काही नको, एवढंच मला ठाऊक होतं. तुला हे आवडेल असं कधी मनातसुद्धा आलं नाही." तिनं वाडगा थोडा पुढं सरकवला. "वाढ अजून."

तिनं वाढलं. आपण हसतोय हे तिला वकिलाच्या चेहऱ्यावरून कळलं. वकीलही हसत होती, आणि एव्हाना तिनं न विचारता आपलाही वाडगा पुढं केला होता.

जेवण झाल्यावर जर्नल पुन्हा टेबलावर आलं. साडेअकरा होऊन गेले होते. तीन प्रयोग, प्रत्येकाची आकृती, निरीक्षणं, निष्कर्ष. "लिही," आई म्हणाली, "मी काही बोलत नाही." आणि खरंच बोलली नाही. तिनं खाटेवरची पाठ मांडीवर घेतली, उजेडाकडं धरली, ओळींवरून बोट फिरवलं. मग उशीच्या अभ्र्यातून अर्धवट बाही शोधून काढली. लिहिता लिहिता डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला हे सगळं दिसत होतं. अक्षर नेहमीपेक्षा सुबक येत होतं. "कुणासाठी आहे?" आईनं शेवटी न राहवून विचारलं.

"माझ्यासाठी."

"नुसतं तुझ्यासाठी?"

"हो."

"असं?" आई म्हणाली. यात नाराजी नव्हती. कुणी सांगावं की अमुक गावात झाडाला निळी पानं असतात, तर माणूस म्हणेल, तसं. तिनं कोटाची बाही वर सारली आणि ती अर्धी बाही आपल्या हाताभोवती गुंडाळून बघितली. बाही कोपराच्या बरीच अलीकडं अपुरी पडली. आईचे दंड कारखान्यातल्या हमालांसारखे होते, पातेली उचलून झालेले. तिनं हात वर करून तो मोहरीच्या रंगाचा आखूड तुकडा वकिलाला दाखवला आणि दोघी अशा हसत सुटल्या की निष्कर्षाची शेवटची ओळ लिहिताना तिचं पेन हललं.

तीन वाजता ती निघाली. कॉलेजात पोचली तेव्हा प्रयोगशाळेतले सर तराजू पुसत होते. त्यांना सगळी मुलं तोळामासा म्हणत, कारण पावडरीचा एक कण इकडंतिकडं झाला की त्यांची तब्येत बिघडायची. त्यांनी जर्नल पहिल्या पानापासून चाळलं. बाविसाव्या प्रयोगावर बोट थांबलं. समासात एक केशरी डाग होता. "हे काय?"

"सूप, सर."

"कशाचं?"

"भोपळा आणि मसूर."

सरांनी पान नाकाजवळ नेलं. "लसूण पण आहे," ते म्हणाले आणि सही केली. "जेवणखाण जर्नलच्या बाहेर ठेवावं. बाकी निरीक्षणं चोख आहेत." चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना तिनं जर्नल ऑफिसच्या खिडकीत दिलं, पावती घेतली आणि बाहेर पडली. रस्त्यावर ऊन होतं. लोक कामावरून परतत नव्हते अजून, दुकानांची दारं उघडी होती, एक न्हावी पायरीवर बसून कलिंगड खात होता. तिला प्रत्येकाला थांबवून काहीतरी सांगावंसं वाटत होतं, पण काय ते नक्की नव्हतं. आई जेवली, एवढंच तर सांगण्यासारखं होतं. पावलं आपोआप भरभर पडत होती. फुटपाथ संपला तिथं तिनं चक्क उडी मारली.

वकील जिन्याच्या वरच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. "झोपल्यात," ती कुजबुजली. "तू गेल्यावर पाच मिनिटांत. म्हणाल्या, जरा पाठ टेकते. मी पानं उलटतानासुद्धा आवाज होत होता म्हणून बाहेर आले."

तिनं दार हळूच लोटलं. आई तिच्या खाटेवर कुशीवर झोपली होती. बूट काढून शेजारी जोडीनं ठेवलेले, कोट खुर्चीच्या पाठीवर. संध्याकाळकडं झुकलेलं ऊन तिच्या गालावर पडलं होतं आणि तिला ते कळत नव्हतं. भांडी न घासता तशीच मोरीत होती. हे तिनं मुद्दाम पाहिलं. आईनं भांडी तशीच ठेवली होती. ती टेबलाशी बसली. सुई शेगडीखालून काढून पुसली आणि सकाळी राहून गेलेल्या ओळींना लागली. खोलीत आईच्या श्वासाचा आवाज होता, खाली इस्त्र्यांचा होता, आणि मधे सुयांचा, अगदी बारीक. अशा आवाजात ती जन्मभर अभ्यास करू शकली असती. आईची परतीची पाचची बस गेली. तिनं घड्याळ पाहिलं, उठवावं असं तिच्या मनात आलं आणि तिनं उठवलं नाही.

साडेपाचला आईनं डोळे उघडले. आधी छताकडं पाहिलं, मग खिडकीकडं, मग तिच्याकडं. घाबरून उठली नाही. "किती वाजले?" तिनं विचारलं आणि उत्तर ऐकल्यावर कोटाच्या खिशातून फोन काढून कॅन्टीनमधल्या दुसऱ्या आचाऱ्याला लावला. "बॉयलर झाला का सुरू? झाला? बरं. मी उद्या येत नाही. नाही, आजारी नाही. मुलीकडं आहे. किल्ल्या तुझ्याकडं आहेत ना? मग कर की काहीतरी. काय सुचेल ते." फोन ठेवला आणि पुन्हा उशीवर डोकं टेकलं. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"उद्या काय करणार आहेस जेवायला?" तिनं विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

"बरं," आई म्हणाली आणि डोळे मिटले. "ठरव सावकाश. मी आहे उद्या."